शुश्रूषेच्या हातांची मोजदाद

घरात कार्य निघाले म्हणजे आपण बायका आधी पानांचा अंदाज बांधतो आणि त्याच्या पाठोपाठ वाढणाऱ्यांचा. पंगत पाचशेची आणि वाढणाऱ्या चौघीच, असे झाले तर स्वयंपाक कितीही उत्तम असो, निम्मी पंगत ताटाकडे पाहत बसून राहते. रुग्णसेवेचीही गोष्ट अशीच आहे. इमारत, खाटा, औषधे, यंत्रे ही सारी सामग्री झाली. ती रोग्यापर्यंत पोहोचवणारा हात मात्र माणसाचाच असावा लागतो. आणि नवल असे, की इमारतीच्या विटा व खाटा मोजण्याची आपल्याकडे जितकी हौस, तितकी या हातांची मोजदाद करण्याची नाही. ही मोजदाद आपल्या देशात केव्हा सुरू झाली, तिच्यात आपला मराठवाडा कोठे होता आणि उणे पडलेले हात कोणी कोणी भरून काढले, याचा थोडक्यात इतिहास भगिनींपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. विषय आकड्यांचा असल्याने प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु त्या आकड्यांच्या मागे आपल्याच आज्या, आया व लेकी आहेत.

आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे घरातच झाली आणि ती केली सुईणीने. तिचे नाव कोणत्याही दवाखान्याच्या वहीत नव्हते. तिला पगार नव्हता. खण, लुगडे, पायलीभर धान्य आणि बारशाचे जेवण हीच तिची बिदागी. तिच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव होता, पण नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे हे तिला कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे कित्येक बाळे धनुर्वाताने जात आणि कित्येक बाळंतिणी तापाने. तेव्हा लोक नशिबाला बोल लावीत. शिकलेल्या माणसांची उणीव हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, ही जाणीव समाजाला होण्यास एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

ही उणीव उघडपणे बोलून दाखवणाऱ्यांत एक मराठी मुलगीच अग्रभागी होती. १८८३ साली श्रीरामपूर येथील सभेत (हे बंगालमधील श्रीरामपूर) आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा गाभा हाच होता, की हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगण्यापेक्षा ते अंगावर काढणे बायकांना बरे वाटे. १८८६ साली आनंदीबाई पदवी घेऊन आल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्या गेल्या. दरम्यान १८८५ साली व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभा राहिला आणि १८८६ साली मुंबईस स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. रुखमाबाईंनी १८९४ साली विलायतेत पदवी मिळवली व पुढे सुरत आणि राजकोट येथे आयुष्यभर रुग्णसेवा केली. ही नावे आपण आदराने घेतो. तथापि एकेका तेजस्वी दिव्याने गावभर उजेड पडत नाही. त्यासाठी घरोघरी पणत्या लावाव्या लागतात.

त्या पणत्या लावण्याचे काम पुण्यात सेवासदनाने हाती घेतले. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सुरू केलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साह्याने स्त्रियांना परिचारिकेचे व सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळेल अशी व्यवस्था केली. त्या काळी परक्याचे मलमूत्र काढणे, परपुरुषाची शुश्रूषा करणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, अशी समजूत होती. म्हणून सेवासदनाने नुसते वर्ग काढले नाहीत. विद्यार्थिनींच्या राहण्या-जेवण्याची सोय केली, त्यांना एका प्रतिष्ठित संस्थेचे नाव दिले, आणि विशेषतः विधवा भगिनींना त्यातून स्वतःच्या पायावर उभे केले. यातून एक धडा मिळतो, तो पुढे पदोपदी उपयोगी पडणारा आहे. शिकवणारा असला म्हणजे माणसे मिळतात असे नाही. राहायला सुरक्षित जागा, हाताला मोबदला आणि समाजात मान, ही तिन्ही जुळून आली तरच माणसे येतात आणि टिकतात.

देशव्यापी मोजदाद मात्र १९४३ साली सुरू झाली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही वाचले तर छाती दडपते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सुमारे ३० कोटी लोकसंख्येला डॉक्टर होते सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. शिकलेल्या परिचारिका अवघ्या ७,०००; म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. शिकलेली सुईण ६०,००० माणसांमागे एक, आणि घरोघर फिरणारी आरोग्य-परिदर्शिका चार लाखांमागे एक! दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाच्या कारणांनी मृत्यू पावत होत्या. एका डॉक्टरमागे निदान दोन-तीन परिचारिका असाव्यात. येथे सात डॉक्टरांमागे एक परिचारिका पडत होती. म्हणजे उणीव सर्वांचीच होती, पण सर्वांत मोठी होती ती शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची.

भोर समितीने दर ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे व त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी इत्यादी मंडळी असावीत, अशी योजना मांडली. आज खेड्यात आपण ज्याला सरकारी दवाखाना म्हणतो त्याचे मूळ या योजनेत आहे. समितीची एक शिफारस मात्र पुढे वादाची ठरली. त्या वेळच्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक हे पदवीधर नव्हते, कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले परवानाधारक होते. मुंबई इलाख्यातील लहान गावांत ‘एल.सी.पी.एस.’ अशी पाटी लावून बसलेले डॉक्टर जुन्या पिढीला आठवत असतील. हा अभ्यासक्रम बंद करून सर्वांना एकच पदवी असावी, असे बहुमताने ठरले. काही सभासदांनी त्याविरुद्ध आपले मत नोंदवले. विद्येचा दर्जा वाढावा हा हेतू योग्यच होता. परंतु लहान गावात राहण्यास तयार असलेला एक वर्ग त्यामुळे हळूहळू नाहीसा झाला, हेही खरे.

आता आपल्या भागाकडे वळू. भोर समितीची ती मोजदाद ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. संस्थाने तिच्या बाहेर. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मराठवाड्याची उणीव त्या थोर अहवालाच्या हिशेबातही आली नाही! सबंध मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. आपल्याच संस्थानात डॉक्टर व्हायचे तर मीटरगेज गाडीने सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या हैदराबादेस जावे लागे. इतक्या दूर मुलाला पाठवणे सामान्य घराला जड जाई, तेथे मुलीचा विचार कोण करणार? मिशनऱ्यांच्या रुग्णालयांनी, उदाहरणार्थ जालन्याच्या मिशन हॉस्पिटलने, जी सेवा केली तिचे मोल म्हणूनच मोठे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि १९५६ हे वर्ष मराठवाड्याच्या आरोग्याच्या दृष्टीने संस्मरणीय ठरले. त्याच वर्षी औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मराठवाड्यातील हे पहिलेच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. महाविद्यालयाचे रुग्णालय आज ‘घाटी’ या नावानेच दशदिशांना ठाऊक आहे. मराठवाडाच नव्हे, तर खानदेश, बुलढाणा, नगर इकडूनही रोगी येथे येतात. पुढे १९७४ साली अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, नांदेडलाही १९८८ साली झाले. औरंगाबाद शहर वाढत गेले. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती पावणेबारा लाखांवर गेली आणि २०२३ साली त्याचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. डॉक्टर आता आपल्याच मातीत घडू लागले. मग उणीव संपली काय? नाही. ती शहरातून उठून खेड्यात जाऊन बसली, आणि डॉक्टरांकडून सरकून परिचारिकांकडे गेली.

खेड्यात माणूस जाऊन राहत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच सापडले. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत ठेवण्याचा बेत केला. तो साधला नाही. एकट्या बाईला परक्या गावात राहणे धोक्याचे वाटे; गावालाही ती आपली वाटत नसे. तेव्हा आरोळे दांपत्याने उलटा विचार केला. गावात जाणारी नर्स मिळत नसेल, तर गावातल्याच बाईला शिकवावे. गावांनी निवडून दिलेल्या या बायांपैकी कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित, कित्येक परित्यक्ता. त्या नेमाने जामखेडला येत, एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि शिकत. बाळाचे वजन कसे घ्यावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, अवघड बाळंतपण कसे ओळखावे आणि मुख्य म्हणजे रोग्याला मोठ्या दवाखान्यात केव्हा धाडावे. जिला गावात कोणी ओट्यावर बसू देत नव्हते, तिच्या हातात लोकांनी आपली लेकरे दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या कार्याची नोंद ग्रंथरूपाने जगापुढे मांडली आणि १९७९ साली दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

सरकारनेही १९७७ साली २ ऑक्टोबरला दर हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना देशभर काढली. तीन महिन्यांचे शिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन. परंतु बहुतेक ठिकाणी पुरुष नेमले गेले. ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरात त्यांचा पाय पोहोचेना, आणि योजना हळूहळू कोमेजली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू अर्ध्याहून कमी करून दाखवले. त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हा पुन्हा दर हजार वस्तीमागे एक कार्यकर्ती ठरली. पण या वेळी ती गावचीच सून किंवा लेक असावी असा नियम झाला. हीच आपली आशाताई. बाळंतिणीला रात्री-अपरात्री गाडीत घालून दवाखान्यात नेणारी, लसीकरणाच्या दिवशी दारोदार फिरून मुले गोळा करणारी. सुइणीचे जे स्थान गावात होते त्याच्या जवळपास तीच आज उभी आहे. फरक इतकाच की तिला थोडे शास्त्र शिकवले आहे आणि तिचे नाव वहीत आहे.

या सगळ्या खटाटोपाचे फळ मिळाले नाही असे कोणी म्हणू नये. भोर समितीच्या काळी दर हजार बाळंतपणांत सुमारे वीस माता दगावत. २०१८ ते २०२० या वर्षांच्या पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण एक लाख जन्मांमागे ३३ इतके खाली आले. सबंध देशाचे ९७ होते. हजारी वीस म्हणजे लाखाला दोन हजार, हे ध्यानात घेतले म्हणजे केवढी मजल मारली ते कळते.

तरीसुद्धा वर्तमानपत्रांत रोज ‘पदे रिक्त’ हे शब्द दिसतात ते का? याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे आणि ते गृहिणींना चटकन उमगेल. मोजदादीच्या तीन रीती आहेत. पहिली, परिषदेच्या नोंदवहीत नावे किती. पण त्या वहीत जिने लग्नानंतर काम सोडले तिचेही नाव असते आणि जी परदेशी गेली तिचेही. दुसरी रीत, मंजूर पदे किती व भरलेली किती. ही अधिक खरी. परंतु मंजूर आकडा कैक वर्षांपूर्वीचा असेल आणि रोगी दुप्पट झाले असतील, तर सगळी पदे भरूनही हात अपुरेच पडतात. तिसरी रीत कामावरून माणसे मोजण्याची. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली पुस्तकरूपाने मांडली. काम किती, एका कामाला वेळ किती, आणि एका माणसाला वर्षात कामाचे दिवस किती, यावरून माणसे किती हवीत ते काढायचे. पिठाचा डबा न पाहता, जेवणारी तोंडे मोजून कणीक भिजवण्यासारखेच हे आहे.

एक साधे उदाहरण करून पाहू. एका वॉर्डात चोवीस तास एक नर्स हजर हवी आहे. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे वर्षाच्या १,०९५ पाळ्या. आता एका नर्सचे वर्ष पाहा. ३६५ दिवसांतून आठवड्याच्या सुट्या ५२ गेल्या. सण, हक्काच्या रजा व आजारपण मिळून ४५ दिवस धरू. उरले २६८. चार नर्स नेमल्या तरी १,०७२ पाळ्या भरतात आणि २३ पाळ्या उरतातच! म्हणजे खाटेजवळ एक नर्स दिसायची तर वहीत चारांहून अधिक नावे हवीत. आणि त्यातली एक जरी बाळंतपणाच्या रजेवर गेली व तिच्या जागी कोणी आले नाही, तर उरलेल्या तिघींना दुहेरी पाळ्या कराव्या लागतात. थकलेल्या हाताकडून चूक होते आणि ती चूक रोग्याला भोवते. उपकेंद्राची स्थिती याहून नाजूक. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा दंडक आहे. जेथे एकच आरोग्यसेविका आहे तेथे तिची रजा म्हणजे उपकेंद्रालाच कुलूप.

ही उणीव केवळ आपलीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जगाचा हिशेब मांडला तेव्हा ५७ देशांत आरोग्यसेवकांची गंभीर टंचाई आढळली. त्यात भारत होता. श्रीमंत देशांनाही नर्स हव्याच असतात, आणि ते अधिक पगार देऊन गरीब देशांतून त्या नेतात. खेड्यातली नर्स शहरात, शहरातली मुंबईस, मुंबईची परदेशी, अशी ही ओढ वरच्या दिशेने चालू राहते आणि रिकामी जागा नेहमी सर्वांत खालच्या पायरीवर उरते. जिने जावे तिला दोष देता येत नाही. तिलाही घर चालवायचे असते.

अलीकडच्या दोन प्रसंगांनी हा हिशेब आपल्या दाराशी आणला. २०२० साली कोरोनाची साथ आली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई व आरोग्यसेविका घरोघर फिरल्या. ज्या दारांना आपण आतून कडी लावून बसलो होतो, ती दारे त्यांनी ठोठावली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. मात्र त्याआधी वर्षभर, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला होता, हेही विसरून चालणार नाही. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२३ चा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रोगी दगावले. त्यांत १६ बालके होती. त्याच दिवसांत आपल्या घाटीतील मृत्यूंचीही चर्चा झाली. अत्यवस्थ रोगी दुरून व उशिरा येतात, हे रुग्णालयांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा मंजूर पदे किती आणि भरलेली किती, याचाच हिशेब मागितला. ज्या मोजदादीला आपण रुक्ष म्हणतो, ती अखेर न्यायासनापुढे येऊन उभी राहिली.

भगिनींनो, सबंध इतिहासावरून नजर फिरवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुईण, सेवासदनाची परिचारिका, जामखेडची ग्रामसेविका, आशाताई. उणे पडलेला हात प्रत्येक वेळी भरून काढला तो बाईने. आणि प्रत्येक वेळी तिच्या वाट्याला कौतुक पुष्कळ व मोबदला थोडा आला. आपण तिला ‘सेवा’ म्हणतो आणि सेवेला दाम विचारू नये असे मानतो. या समजुतीमुळेच तिची पुढची पिढी त्या कामाकडे वळत नाही. टंचाई भरून काढण्याच्या उपायांत नवी महाविद्यालये येतील, वेळच्या वेळी भरती येईल, राहण्याच्या खोल्या येतील. पण आपल्या घरातील मुलीने नर्सिंगला जाते म्हटले तर घरच्यांनी नाक मुरडू नये, हा उपाय सरकारच्या हाती नाही. तो आपल्या हाती आहे.

आणि एक काम मंडळ म्हणून आपल्याला सहज करता येईल. आपल्या भागातील दवाखान्यासाठी व आपापल्या माहेर-सासरच्या गावच्या उपकेंद्रासाठी एक साधी वही घालावी. तिच्यात तीनच रकाने असावेत : मंजूर किती, नेमलेल्या किती, आणि आज हजर किती. दर तिमाहीस दोघींनी जाऊन हे आकडे नम्रपणे विचारून यावेत व लिहून ठेवावेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. विचारण्यात संकोच नको. जाताना तेथील नर्सबाईंना दोष देण्याच्या आविर्भावात जाऊ नये, कारण तिसऱ्या रकान्यातील आकडा जितका लहान तितका भार त्याच सोसत असतात. त्यांना पाणी, बसायला जागा, रात्रीच्या पाळीनंतर घरी जाण्याची सोय आहे का, हेही विचारावे. वर्षअखेरीस ही वही आपल्या नगरसेवकापुढे, जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्या तीन रकान्यांचे एक पान छापता आले, तर मंडळाने हे वर्ष सत्कारणी लावले असे खुशाल म्हणावे.